आधी रजिस्टर मिटा

आधी ती रजिस्टरं मिटा. मोबाइल पालथे ठेवा. या उजळणी वर्गात मला तासभर दिलाय आणि त्या तासात एकाही बाईची नजर स्क्रीनवर गेलेली मला चालणार नाही. तुमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणी माझ्या हाताखाली शिकल्यात. सेविका म्हणून प्रशिक्षणाला आलात तेव्हा चिंधीची बाहुली करायला मी शिकवलं, वजनकाट्याची झोळी अडकवायला मी शिकवलं. आज पर्यवेक्षिका झालात, वीस-पंचवीस अंगणवाड्यांचं बीट सांभाळता, त्याचा मला आनंद आहे. पण मागच्या आठवड्यात जे पाहिलं त्यानं माझी झोप उडाली आहे, आणि ते तुम्हाला ऐकवल्याशिवाय मी इथून जाणार नाही.

एका वाडीवर गेले होते. नाव सांगणार नाही. सांगितलं तर एक जण मान खाली घालेल आणि बाकीच्या सुटकेचा निःश्वास टाकतील. तशी सुटका इथं कुणाचीच नाही.

अंगणवाडी वेळेवर उघडली होती. ओटा झाडलेला, फळ्यावर तारीख, मदतनीस खिचडी ढवळत होती. सेविका माझीच जुनी विद्यार्थिनी. तिनं मोठ्या हौसेनं रजिस्टर पुढं केलं. मी बोट ठेवलं ते एका मुलीच्या नावावर. वय दोन वर्षं चार महिने. लसीकरणाच्या सगळ्या रकान्यांत तारखा. टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, मिळाल्याचे आईचे अंगठे, महिन्यामागून महिना. गृहभेट झाली. संदर्भ सेवा निरंक. आणि वजन? ९ किलो १०० ग्रॅम, ९ किलो १०० ग्रॅम, ९ किलो १०० ग्रॅम. ओळीनं तीन महिने. खाली पर्यवेक्षिकेची सही आणि शेरा, ‘तपासले’.

काय तपासलं? दोन वर्षांचं मूल तीन महिन्यांत शंभर ग्रॅमही वाढलं नाही, तर ती धोक्याची घंटा आहे. त्याच दिवशी त्या घरी जायला हवं होतं. आणि मूल काट्यावर घातलंच नाही, मागचाच आकडा पुढं उतरवला, तर ती खोटी नोंद आहे; त्याच दिवशी सेविकेला जाब विचारायला हवा होता. तिसरी शक्यता नाही. दोन्हीकडून त्या सहीचा दोष आहे. शिकवताना मी शंभर वेळा सांगितलंय की एकट्या वजनाला अर्थ नसतो, मागच्या वजनाशेजारी ठेवलं की त्याला अर्थ येतो. म्हणून तर वाढीचा आलेख काढायचा. आलेखावरची रेघ आडवी झाली की खाली जाण्याची वाट बघत बसायचं नसतं.

मी म्हटलं, चल, घरी जाऊ. काटा घे, पट्टी घे.

घराच्या उंबऱ्यात पाच वर्षांचा एक मुलगा उभा होता. बहिणीला कडेवर घेऊन. त्याची कंबर एका बाजूला कललेली होती, इतका त्याला त्या ओझ्याचा सराव झाला होता. मुलीचे केस भुरे पडलेले, डोळे मोठे. मी टाळी वाजवली, चुटकी वाजवली, तिनं मान वळवली नाही. अनोळखी बाई बघून दोन वर्षांचं पोर रडतं, लपतं, निदान भावाचा सदरा घट्ट धरतं. हिनं काहीच केलं नाही. काट्यावर घातलं, ८ किलो. डाव्या दंडाला पट्टी लावली, ११.२ सेंटिमीटर. साडेअकराच्या आत. सॅम, बायांनो, सॅम! अति तीव्र कुपोषण! दोन्ही पावलांवर अंगठा दाबून पाहिला, खड्डा पडला नाही, एवढंच एक नशीब.

आई कुठं? कांदा लागवडीला, पहाटेच्या जीपनं. सातवा महिना लागलेला. बाप बाहेरगावी मजुरीला. टीएचआरचं काय झालं म्हणून विचारलं तर मुलगा म्हणाला, तीन दिवसांत संपतं, सगळे खातो. कुणी विकलं नव्हतं, कुणी फेकलं नव्हतं. ज्या घरात चार तोंडं भुकेली, तिथं एका पोरीच्या नावचं पाकीट एकटी पोर खात नाही. हे तुम्हाला ठाऊक नाही? तुम्ही त्याच घरांतून आलात.

आता तो मुलगा. त्याचं नाव त्याच अंगणवाडीत आहे. महिन्याच्या हजेरीत सतरा गैरहजेऱ्या आणि त्यापुढं लाल शाईत शेरा, ‘पालक उदासीन’.

हा शेरा वाचला आणि मला त्या उंबऱ्यावरच बसावं लागलं. पालक उदासीन! जी बाई सातव्या महिन्यात ओणवी होऊन दिवसभर कांद्याची रोपं लावते, ती उदासीन? ज्या पाच वर्षांच्या पोरानं स्वतःची शाळा सोडून बहीण कडेवर घेतली, त्याचं घर उदासीन? हे दोन शब्द तुम्ही किती वाड्यांच्या रजिस्टरात लिहिले असतील याचा विचार आज रात्री करा. एकदा ते लिहिले की आपलं काम संपतं, म्हणून ते लिहिले जातात. यापुढं माझ्या एकाही विद्यार्थिनीच्या हातून हा शेरा पडलेला मला कळता कामा नये.

आता मला सांगा, त्या मुलाची गैरहजेरी आणि त्या मुलीचं वजन या दोन नोंदी आहेत की एक? आईचं कांद्याचं रान आणि मुलीचं न वळणारं तोंड या दोन गोष्टी आहेत की एक? तुमच्या अहवालात त्या चार वेगवेगळ्या पानांवर आहेत. आई गरोदर मातांच्या यादीत, मुलगी तीन वर्षांखालच्या यादीत, मुलगा पूर्वशालेय हजेरीत, टीएचआर साठ्याच्या नोंदीत. चारही पानं भरलेली. पण ती चार पानं शेजारी ठेवून कुणी वाचली नाहीत. सेविकेनं नाही वाचली, ती तिची चूक. पण ती वाचायला लावणं हेच तुमचं काम होतं. त्यासाठीच तुमची नेमणूक आहे.

योजनेच्या नावातला पहिला शब्द कोणता? एकात्मिक. एकात्मिक बालविकास सेवा योजना. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांत ही योजना सुरू झाली, त्या ३३ मध्ये आपल्या मेळघाटातलं धारणी होतं. तेव्हा सहा सेवा ठरल्या. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण, आणि पूर्वशालेय शिक्षण. परीक्षेत हे तुम्ही पाठ म्हणून दाखवता. पण या सहा गोष्टी एकाच बाईच्या ओट्यावर का आणल्या, हे विचारलं की गप्प होता. उपाशी पोराला जुलाब लवकर लागतात, जुलाब लागले की खाल्लेलं अंगी लागत नाही, अंगी लागलं नाही की ते खेळत नाही, आणि जे पोर खेळत नाही, हाक मारत नाही, त्याच्याकडं दमलेल्या घराचंही लक्ष कमी जातं. संकटं एकमेकांचा हात धरून येतात. मग मदत सुटी सुटी जाऊन कशी चालेल? म्हणून तो शब्द नावात पहिला आहे.

आणि ही अक्कल दिल्लीच्या कचेरीत जन्मली असं समजू नका. ती आपल्या मातीतली आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या. पोरं बालवाडीत येईनात. त्या दोघींनी ‘पालक उदासीन’ असं लिहून पाटी पुसली नाही. पोरं येत नाहीत तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ, म्हणून वस्तीतल्या अंगणात वर्ग भरवला. तुमच्या अंगणवाडीच्या नावाची मुळं तिथली आहेत. पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम करताना दिसलं की थोरली मुलं गुरं राखतात आणि धाकटी भावंडं सांभाळतात. मग गुरांमागं जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, विकासवाडी म्हणून. का? कडेवरचं पोर पाळण्यात ठेवल्याशिवाय ते सांभाळणारं पोर पाटीसमोर बसत नाही म्हणून. माझ्या उंबऱ्यातला तो मुलगा अनुताईंनी पाहिला होता. आणि आज, इतक्या वर्षांनी, तो तुम्हाला दिसत नाही!

तुम्ही म्हणाल, बाई, तो काळ वेगळा. बरं, शास्त्राचं ऐका. जमैकात किंग्स्टन शहरात १९८६-८७ च्या सुमारास एक अभ्यास सुरू झाला. सॅली ग्रँथॅम-मॅकग्रेगर या डॉक्टरबाई आणि त्यांचे सहकारी. गरीब वस्त्यांतली १२९ खुरटलेली मुलं, वय ९ ते २४ महिने. चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधाची पावडर. दुसऱ्याकडं आठवड्यातून एकदा तासभर एक आरोग्यसेविका जायची आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची, घरी केलेल्या खेळण्यांनी. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला यातलं काहीच नाही. दोन वर्षांनी पाहिलं तर खाणं मिळालेली पोरं सुधारली, खेळ मिळालेलीही सुधारली, आणि दोन्ही मिळालेली सगळ्यांच्या पुढं गेली. वीस वर्षांनी त्यांचा पुन्हा माग काढला, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ गेला होता त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. आठवड्याचा एक तास! डबे, दोरा, चिंध्या, पुठ्ठा. हे सगळं तुमच्या अंगणवाडीच्या कपाटात आहे.

आणि तुम्ही काय करता? टीएचआर वाटला की तीन वर्षांखालचं मूल तुमच्या लेखी संपतं. सेविका दारातून हाक मारते, पाकीट देते, अंगठा घेते आणि गृहभेट म्हणून नोंद करते. अशी नोंद तुम्ही मंजूर करता. त्या मुलीशी दिवसभरात मोठं माणूस किती शब्द बोलत असेल? तिच्या मेंदूची सगळ्यात जोराची वाढ याच वयात होते, हे तुम्ही भिंतीवर रंगवलंय. भिंतीवर सुंदर अक्षरात रंगवलंय आणि खाली बसलेल्या पोरीला कुणी हाक मारत नाही. लाज वाटली पाहिजे. मला वाटली, कारण तुम्हाला शिकवलं मी.

आता तुमच्या अडचणी. त्या मला पाठ आहेत. फोन चालत नाही, रेंज नाही, पोषण ट्रॅकरच्या ॲपवर दोनदा भरावं लागतं, निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणं, आणि सेविकेला अजून मानधनच, पगार नाही. या खऱ्या आहेत. यातल्या कित्येक मी वरच्या लोकांना तोंडावर सांगितल्या आहेत आणि पुन्हा सांगेन. पण वजनाचा जुना आकडा पुढं उतरवायला कुठल्या निवडणुकीनं भाग पाडलं? ‘उदासीन’ लिहायला कुठल्या ॲपनं सांगितलं? अडचणीच्या आड चूक लपवू नका.

दुसरी सबब जास्त लागट आहे. नर्सबाई आपल्या खात्याची नाही, ती आरोग्याची, आशाही आरोग्याची, आपण महिला व बालविकास. सहा सेवांपैकी तीन, म्हणजे लसीकरण, तपासणी आणि संदर्भ, आरोग्य खात्याच्या हातून यायच्या, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. म्हणूनच महिन्यातून एक दिवस, ग्राम आरोग्य पोषण दिनाला, सगळ्यांनी एका ओट्यावर बसायचं ठरलं. त्या दिवशी तुम्ही कुठं असता? तालुक्याला बैठकीत. नर्सबाई सुया टोचून पुढच्या गावी जाते, सेविका खिचडी वाटते, आशा नावं गोळा करते, आणि तिघींच्या वह्या एकमेकींना कधी दाखवल्या जात नाहीत. मूल एकच आहे, त्याला खातं नसतं. त्या दिवशी तिथं बसून तिघींच्या वह्या एकत्र उघडायला लावणं, हे तुमच्या बीटमधलं सगळ्यात मोठं काम आहे आणि ते तुम्ही सोडून दिलंय.

त्या वाडीवर पुढं काय झालं ते सांगते, म्हणजे हे बोलणं हवेतलं नाही हे कळेल. सेविकेनं नर्सबाईला फोन लावला. ती शेजारच्या पाड्यावरच होती, अर्ध्या तासात आली. भुकेची चाचणी घेतली, मुलीनं दोन घासांवर तोंड फिरवलं. म्हणजे ग्राम बाल विकास केंद्रात ठेवून भागणार नव्हतं, पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायलाच हवं होतं. रानातून आईला बोलावलं. ती आली, घाबरलेली, हाताला माती. नर्सबाईनं तिथंच तिचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.४. चौदा दिवस दवाखान्यात राहायचं म्हटल्यावर ती सरळ नाही म्हणाली. तुम्ही असता तर ‘पालकांचा नकार’ लिहून उठला असता. मी विचारलं, का गं? तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. मजुरी बुडेल आणि पोरगा एकटा राहील. बुडीत मजुरी मिळते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या योजनेत आहे ते! पोराला तिची चुलत जाऊ रात्री ठेवायला तयार झाली, दिवसा मदतनीस म्हणाली, तो माझ्याजवळ अंगणवाडीत बसेल, जेवेल. गाडी आली. आई आणि मुलगी गेल्या. आईला लोहाच्या गोळ्यांचा उपचार आणि तपासणी तिथंच, मुलीचं खाणं तिथंच. मुलगा दुसऱ्या दिवशी हजर.

सकाळी दहाला आम्ही त्या उंबऱ्यात होतो, दीडला गाडी निघाली. साडेतीन तास. एकही नवी योजना लागली नाही, एक रुपया ज्यादा मंजूर करून घ्यावा लागला नाही. सगळं आधीपासून होतं. फक्त ते एका दारात एका वेळी आणावं लागलं. तीन महिने ते कुणी आणलं नाही. तीन महिने म्हणजे त्या पोरीच्या आयुष्याचा नववा हिस्सा.

आणि हे उपकाराचं काम समजू नका. २००१ पासून सर्वोच्च न्यायालयानं अन्न हक्काच्या खटल्यात वस्तीवस्तीला अंगणवाडी द्या म्हणून आदेश दिले. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला. त्याच्या मूळ परिशिष्टातच सहा महिन्यांपुढच्या मुलाला दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं लिहून दिली होती. त्या मुलीचा तो कायदेशीर हक्क. अंगठा घेऊनही तो तिच्या हातात पडला नाही, तर तिचं देणं बुडवलंय.

आपल्या हातून होत नाही असं तर मुळीच म्हणू नका. २००५ मध्ये राज्यानं राजमाता जिजाऊ मिशन सुरू केलं. रिकाम्या जागा भरल्या, वजनं खरी घेतली, पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांवर जोर दिला, आरोग्य आणि अंगणवाडीला एकत्र बसवलं. दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, २०१२ च्या पाहणीत ते २३ वर आलं. ते तुमच्या आधीच्या बायांनी केलं. फोन नव्हते त्यांच्याकडं. आणि २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी उघडा. महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली, २५.६ टक्के उंचीच्या मानानं कृश, एकूण मुलांतल्या १०.९ टक्क्यांची कृशता अति तीव्र. म्हणजे दहातलं एक मूल त्या मुलीसारखं. तुमच्या बीटमधल्या याद्यांत मात्र सॅमची मुलं मोजून दोन, तीन, कुठं एकही नाही. ही तफावत कुठून आली? मूल बरं झालं म्हणून, की मोजलं नाही म्हणून? मला उत्तर देऊ नका. तुमच्या काट्याला विचारा.

दिवाळीनंतर निम्म्या वाड्या रिकाम्या होतात. कोयता घेऊन, वीटभट्टीला, कांद्याला. मूल गावातून गेलं की तुमच्या रजिस्टरात ‘स्थलांतरित’ पडतं आणि जिथं गेलं तिथं ते कुणाच्याच यादीत चढत नाही. सहा महिने ते कुणाचंच नसतं. जाण्याआधी त्याचं वजन, त्याच्या लसींचा कागद आईच्या पिशवीत आणि तिथल्या सेविकेला एक फोन, एवढं या वर्षी प्रत्येकीनं करायचंय. मी विचारणार आहे.

कुणीतरी मागं म्हणतंय, बाई, मूल रडतं, हात हलवतं, पट्टी नीट बसत नाही. कोण बोललं? उभी राहा. घाबरू नको, चांगला प्रश्न आहे, तो तीन महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. पिशवीतली पट्टी काढा सगळ्या जणी. नाही आणली? पर्यवेक्षिका आणि पट्टी नाही? शेजारणीची घ्या. आता तिचाच हात धर, तूच शिकव सगळ्यांना. डावा हात. कोपरात दुमड. खांद्याचं टोक शोध, बोटानं चाचप, नुसतं बघू नको. तिथून कोपराच्या टोकापर्यंत मोज आणि बरोबर मधोमध खूण कर. आता हात सरळ सोडायला सांग, सैल. पट्टी खुणेवरून फिरव. आवळू नको, मांस दबतंय. ढिलीही नको. हां. आता वाच, मोठ्यानं. आणि तो आकडा आजच्या तारखेपुढं लिही.